दारे-खिडक्यांचे पॉलिश : भाव विचारण्याआधी माप घ्या

घरात लग्नकार्य निघाले किंवा दिवाळी जवळ आली की भिंतींच्या रंगाचा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ दारे-खिडक्यांच्या पॉलिशचा. भिंतीच्या रंगाचा खर्च साधारण ठाऊक असतो. पॉलिशच्या बाबतीत मात्र बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो, ‘‘चौरस फुटाला काय घेणार?’’ कारागीर एक आकडा सांगतो, त्यातून थोडेफार कमी होते आणि काम सुरू होते. बिल हातात येते तेव्हा अंदाजापेक्षा दीडपट रक्कम पाहून वाद होतो. पुष्कळदा यात कोणीच लबाडी केलेली नसते. दोघांनी माप वेगवेगळे धरलेले असते, एवढेच.

माप कोणते धरायचे?

दाराला दोन बाजू असतात. पॅनेलच्या दारात खाचा-गोलाया असतात, त्यामुळे सपाट दारापेक्षा काम जास्त. उलट काचेच्या खिडकीत लाकूड थोडे असते. म्हणून सरकारी बांधकामांत, उदाहरणार्थ केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत, रंग-पॉलिशसाठी सपाट मापाला गुणक लावतात. प्रत्येक बाजूसाठी पॅनेलच्या दाराला 1.30, फ्लश दाराला 1.20, पूर्ण काचेच्या दार-खिडकीला 0.80 आणि झडपांच्या खिडकीला 1.80. माप चौकटीसह घ्यायचे. मग कडा आणि चौकटीची जाडी पुन्हा वेगळी लावायची नसते.

एक उदाहरण घेऊ. घरात साडेतीन फूट बाय सात फुटांचे पॅनेलचे मुख्य दार, तीन बाय सात फुटांची तीन फ्लश दारे आणि चार बाय चार फुटांच्या चार काचेच्या लाकडी खिडक्या आहेत. नुसते सपाट माप होते 151.5 चौरस फूट. दोन्ही बाजू आणि गुणक धरले तर मुख्य दाराचे 63.7, फ्लश दारांचे 151.2 आणि खिडक्यांचे 102.4 असे मिळून सुमारे 317 चौरस फूट.

आता समजा एक कारागीर 60 रुपये भाव सांगतो, पण सपाट मापावर, दोन्ही बाजू धरून. दुसरा 35 रुपये सांगतो, पण प्रत्येक बाजू वेगळी मोजून, गुणकासह. ऐकताना दुसरा स्वस्त वाटतो. हिशेब केला तर पहिल्याचे 9,090 रुपये होतात आणि दुसऱ्याचे 11,095! म्हणून भाव विचारण्याआधी मोजपट्टी घेऊन घरातल्या प्रत्येक दार-खिडकीचे माप वहीत लिहावे आणि सर्वांना त्याच मापावर भाव द्यायला सांगावे. झोपाळा, कठडा, देवघर अशा वस्तूंना चौरस फूट लावणे अवघड असते. त्यांचा भाव नगावर ठरवावा.

लाकडाची परीक्षा

दोन घरांचे माप सारखे असले तरी खर्च सारखा नसतो, कारण खरा वेळ जातो तो जुने पॉलिश काढण्यात. लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटने भिजवलेला बोळा घासून पाहावा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागले तर ते लाखेचे. नुसते मळलेले असेल तर काचकागद मारून त्यावर नवे हात देता येतात. स्पिरिटचा काही परिणाम झाला नाही तर वरचा थर मेलामाइनचा किंवा पीयूचा असण्याची शक्यता असते. तो उखडलेला असेल तर पूर्ण खरवडावा लागतो आणि मजुरी वाढते.

चौकटीचा खालचा भाग पेचकसने टोचून पाहावा. पेचकस सहज आत गेला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर लाकूड कुजलेले आहे किंवा वाळवी लागली आहे. ते सुताराचे काम. त्याचा खर्च वेगळा धरावा आणि ते आधी उरकावे.

ऊनपाऊस लागणाऱ्या बाजूला लाखेचे पॉलिश स्वस्त पडले तरी घेऊ नये. पाण्याने ते पांढरट पडते. तेथे बाहेरच्या वापरासाठी बनवलेले पीयू किंवा ऑइल पेंट बरा. घरातल्या लाकडालाही दमट हवेत लाखेचे हात दिले तर तोच दोष येतो, म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नये.

सामान कोणी आणायचे?

मजुरीचा आणि सामानाचा भाव वेगळा मागावा. डब्यावर एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते लिहिलेले असते. समजा तो आकडा 100 आहे आणि तीन हात द्यायचे आहेत. 317 चौरस फुटांना साडेनऊ लिटर, म्हणजे सांडलवंड धरून दहा लिटर लागतील. सामान कारागीर आणणार असेल तर सीलबंद डबे समोर उघडावेत, पावत्या जपून ठेवाव्यात.

कागदावर काय हवे?

साध्या वहीच्या पानावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात :

• मापाची पद्धत, एकूण माप आणि भाव.
• जुने पॉलिश पूर्ण काढायचे की नुसते घासायचे.
• मालाचे नाव, प्रकार आणि हातांची संख्या.
• कड्या-बिजागऱ्या काढून पुन्हा बसवणे, काचा आणि फरशी झाकणे, शेवटची सफाई कोणाकडे.
• काम संपवण्याची तारीख आणि जादा कामाचा भाव.

सुरुवातीला एका फळीवर नमुना करून घ्यावा आणि रंगाची छटा दिवसाउजेडी पसंत करावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. सामानापुरती उचल, घासकाम झाल्यावर एक हप्ता आणि शेवटचा हात सुकल्यावर उरलेले.

फार कमी भाव सांगणाऱ्यापासून सावध राहावे. कारागिरालाही रोज, येण्याजाण्याचा खर्च आणि चार पैसे नफा सुटायला हवा. तो भावात सुटला नाही तर एक हात कमी देऊन किंवा घासकाम आटोपते घेऊन सोडवला जातो, आणि ते वर्षभरात दारावर दिसते.

सुरक्षा

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात 2016 मध्ये जाहीर झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. स्पिरिट पेट घेते आणि पोटात गेले तर विषारी असते. त्याची बाटली स्वयंपाकघरात ठेवू नये. अळशीच्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात. ते पसरून, मोकळ्या हवेत वाळवून मगच टाकावेत.

मोजपट्टी, वही आणि एका सुटीची सकाळ, एवढ्या भांडवलावर हा अंदाज घरच्या घरी निघतो. मग कारागीर दारात येईल तेव्हा बोलणे आकड्यांवर होईल आणि काम संपल्यावर दोघांच्याही मनात किंतू उरणार नाही.