‘होतंच असं’ म्हणण्याआधी

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची तपासणी होते. २०१६ पासून चालू असलेल्या या योजनेचा रोख दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीवर आहे. दीड महिन्याची गरोदर बाई त्या रांगेत सहसा नसते. नवरा आणि सासू सोडून तिने कुणाला काही सांगितलेलं नसतं. तीन महिने पार पडू देत, मग बोलू, असं घरात ठरलेलं असतं. ती येते जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, आणि तिथेही सांगते ते एवढंच: चक्कर येते, पित्त झालंय, पोटात काही ठरत नाही. काही वेळा दिवस गेलेत हे तिचं तिलाही ठाऊक नसतं.

गरोदरपणातल्या चक्करेचा पहिला निवाडा म्हणूनच बहुतेक वेळा जनरल प्रॅक्टिशनरच्या टेबलावर होतो, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नव्हे. तो निवाडा दोन वाक्यांत उरकण्याची सवय व्यवसायात मुरली आहे. ‘होतंच असं’ हे पहिलं वाक्य आणि ‘एक सलाईन लावू’ हे दुसरं.

पहिलं वाक्य खोटं नाही. गर्भ राहिल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यातच प्रोजेस्टेरॉन आणि इतर संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावू लागतात. रक्ताचं आकारमान पुढे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढणार असतं, पण ती वाढ पुरी व्हायला बत्तिसावा आठवडा उजाडतो. वाहिन्या आधी रुंदावतात आणि त्या भरणारं रक्त मागाहून येतं. मधल्या काळात रक्तदाब उतरतो, उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात सकाळपासून उलट्या, न्याहारी नको वाटलेली, एखादीचा चतुर्थीचा उपवास, एखादीला ऐन गर्दीच्या लोकलमध्ये तासभर उभं राहायचं असतं. धडधाकट बाईलाही अशा वेळी चक्कर येईल.

या प्रकारच्या चक्करेला औषध लागत नाही, नेमका सल्ला लागतो. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसावं. दर दोन-तीन तासांनी थोडं खावं, पाणी घोट घोट प्यावं. उभं राहणं टळत नसेल तर पायावर पाय टाकून मांड्या आवळाव्यात. अंधारी आलीच तर आहे तिथे बसावं किंवा आडवं होऊन पाय उंच करावेत. ‘डाव्या कुशीवर झोपा’ हा सल्ला मात्र इथे विनाकारण दिला जातो. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडू लागतो तो साधारण विसाव्या आठवड्यानंतर. पहिल्या तिमाहीत ते कटिपोकळीतच असतं.

हे सगळं सांगायचंच आहे, पण तपासून झाल्यावर.

कारण याच आठवड्यांत गर्भ नळीत राहिल्याचंही उघडकीला येतं. शंभर गर्भधारणांत एक ते दोन इतकं त्याचं प्रमाण. पोटात दुखणं, अंगावरून रक्त जाणं आणि पाळी चुकणं हे पुस्तकी त्रिकूट दर वेळी हजर नसतं. ब्रिटनमधल्या मातामृत्यूंच्या गोपनीय चौकशी अहवालांनी एक गोष्ट पुन्हापुन्हा नोंदवली आहे: नळीतल्या गर्भाने दगावलेल्या काही स्त्रियांना जुलाब, उलट्या आणि चक्कर होती, आणि उपचार पोट बिघडल्याचे झाले होते. तिथल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत चक्कर, बेशुद्धी, पोटाच्या तक्रारी आणि खांद्याच्या टोकाला होणारं दुखणं या लक्षणांची त्यासाठीच स्वतंत्र नोंद आहे.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. इथल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते. ‘माझं ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?’ असं बाई म्हणते आणि डॉक्टर पुढचा प्रश्न गाळतो. शस्त्रक्रिया क्वचितच फसते, पण फसली तर राहिलेला गर्भ नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असते. दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या घेऊन आलेल्या बाईचंही तसंच. रक्तस्राव गोळ्यांचा म्हणून सोडून दिला जातो, आणि गर्भ कुठे होता हे कुणी पाहिलेलंच नसतं. नळीत गर्भ राहिलेल्या निम्म्या स्त्रियांमध्ये कोणताच धोक्याचा घटक सापडत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. मूल होण्याच्या वयातली बाई चक्कर घेऊन आली की यूपीटी, म्हणजे लघवीवरची गर्भचाचणी, करायची, ऑपरेशन झालेलं असो वा नसो. चाचणी पॉझिटिव्ह आणि सोबत पोटात दुखत असेल किंवा रक्त जात असेल, तर सोनोग्राफी त्याच दिवशी. बाई घेरी येऊन पडली असेल किंवा नाडी जलद असेल, तर सोनोग्राफीच्या नंबरासाठीही थांबायचं नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचं. नुसत्या रक्तदाबावर विसंबण्यात धोका आहे. तरुण शरीर बरंच रक्त गमावूनही दाब टिकवून धरतं.

दुसरं कारण रक्तक्षयाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन ११च्या खाली निघालं. सरकारी कार्यक्रमात लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात, पहिल्या तिमाहीत फक्त फॉलिक अ‍ॅसिड. मळमळ चालू असताना लोह लादू नये हे ठीक. पण पापणी खाली ओढून अंदाज बांधणं म्हणजे तपासणी नव्हे. सातच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या बाईला तिमाही संपेपर्यंत थांबवता येणार नाही.

आता सलाईनकडे. मळमळ-उलट्यांचा त्रास दहातल्या सात-आठ जणींना होतो. तो चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू होतो, नवव्याच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि बहुतेकींचा विसाव्यापर्यंत सरतो. दहाव्या आठवड्यानंतर प्रथमच उलट्या सुरू झाल्या तर कारण दुसरीकडे शोधावं. वजन पाच टक्क्यांहून अधिक घटलं, पाणीही टिकत नसेल, तर शिरेतून द्रव द्यावा लागतो. पण खेडोपाडी ‘ताकदीचं’ म्हणून जी बाटली चढते ती बहुधा ग्लुकोजची असते. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांत आटतो. तितके दिवस ओकत असलेल्या बाईला थायमिन न देता ग्लुकोज दिलं, तर उरलासुरला साठाही खर्ची पडतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. ती बाईही चक्करच सांगते. बारकाईने पाहिलं तर चालताना तिचा तोल जात असतो, नजर थरथरते, उत्तरं असंबद्ध येतात. अशा वेळी आधी थायमिन, आणि द्रव म्हणून नॉर्मल सलाईन, पोटॅशियम पाहून. ब्रिटनच्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२४च्या मार्गदर्शिकेत लघवीतल्या कीटोनवरून उलट्यांची तीव्रता ठरवू नये, असंही स्पष्ट केलं आहे.

औषधाची भीती हा वेगळाच अडसर. थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि नोव्हेंबर १९६१मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर हजारो बालकं अवयवांची व्यंगं घेऊन जन्मली होती. त्या धसक्यातून गरोदरपणातल्या उलट्यांवरचं डॉक्सिलामिन-पायरिडॉक्सिनही सुटलं नाही. खटल्यांना कंटाळून अमेरिकेतल्या उत्पादकाने ते १९८३ साली मागे घेतलं. त्याने जन्मजात व्यंगांचं प्रमाण काही घटलं नाही. उलट्यांसाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या स्त्रिया मात्र वाढल्या. २०१३ साली तिथल्या औषध प्रशासनाने त्याला पुन्हा मान्यता दिली. आज ते पहिल्या पसंतीचं औषध आहे. ‘सहन करा’ म्हणून बाईला परत पाठवण्याला आता आधार उरलेला नाही.

‘मनाचं आहे’ म्हणण्यालाही नाही. डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने जीडीएफ१५ या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. गर्भाकडून ते मोठ्या प्रमाणात येतं, आणि गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना त्याचा तडाखा जास्त बसतो. या संशोधनातल्या एक प्रमुख शास्त्रज्ञ मार्लेना फेजो यांनी १९९९ साली तीव्र उलट्यांच्या विकारात स्वतःचा गर्भ गमावला होता.

सल्ला देताना बाई राहते कशी, हेही विचारावं लागतं. बीडहून ऊसतोडीला गेलेली बाई नवऱ्यासह एका कोयत्यात, म्हणजे मजुरीच्या एका जोडीत, धरलेली असते. ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते, आणि खाडा पडला तर दंड उचलीत धरला जातो. तिला ‘विश्रांती घ्या’ असं लिहून देणं म्हणजे कागद वाया घालवणं. त्याऐवजी मुकादमाला दाखवता येईल अशी चिठ्ठी द्यावी: मोळी वाहायची नाही, ट्रॉलीवर चढायचं नाही, कामाच्या जागी पाणी आणि सावली हवी. फडाजवळच्या आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएमचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये तिथेच घालून द्यावा.

रुग्णालयाच्या चिठ्ठीचंही तसंच. ‘चक्कर व उलट्या, पुढील उपचारासाठी’ एवढ्यावर अपघात विभागातल्या निवासी डॉक्टरला काहीच कळत नाही. शेवटच्या पाळीची तारीख, यूपीटीचा निकाल, नाडी, आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी घेतलेला रक्तदाब, हिमोग्लोबिन, ऑपरेशन किंवा तांबी आहे का, गोळ्या घेतल्या का, कोणतं सलाईन किती वाजता दिलं, हे सगळं तळहाताएवढ्या कागदावर मावतं. नळीतल्या गर्भाचा संशय असेल तर तो शब्दांत लिहावा, बाईला आणि सोबत आलेल्या माणसाला सांगावा, आणि ती वाटेत असतानाच तिकडच्या ड्युटी डॉक्टरला फोन करावा.