पेटीत न मावणारा मासा



गेल्या जून महिन्यात संत अंतोनींच्या नोव्हेनाचे दिवस चालू होते. एके सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील बारा वर्षांचा एक मुलगा पाण्याने भरलेली बादली घेऊन ओसरीवर आला. बादलीत सव्वा फूट लांबीचा, काळसर, ठिपकेदार मासा कडेला वळसा घालून निश्चल पडला होता. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या वडिलांनी तो शहरातील एका दुकानातून आणला, तेव्हा तो बोटाएवढा होता. दुकानदाराने सांगितले होते की हा काचेवरचे शेवाळ चाटून पेटी स्वच्छ ठेवतो. पहिले वर्षभर त्याने ते काम इमानाने केले. पुढे तो वाढत गेला. दोन फुटांच्या पेटीत त्याला वळणेही कठीण झाले. कितीही वेळा बदलले तरी पाण्याला दुर्गंधी येऊ लागली आणि त्याच्यासोबतचे चिमुकले रंगीत मासे एकामागून एक मेले. अखेरीस, पावसाळ्याआधी हा पाहुणा घराबाहेर गेलाच पाहिजे, असे आईने निक्षून सांगितले.

"फादर, ह्याला चर्चमागच्या तळ्यात सोडू का? बिचारा मोकळा तरी होईल," मुलाने विचारले.

आम्हांस त्याच्या कोमल मनाचे कौतुक वाटले आणि आम्ही तत्काळ रुकार दिला. कोंडलेल्या जीवाला मोकळे करावे, ह्याहून सत्कृत्य ते कोणते? आम्ही स्वतः त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. तेथे दर शुक्रवारी मासळी घेऊन येणारे वृद्ध भोई भेटले. त्यांनी बादलीत डोकावून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"फादर, ह्याला तळ्यात सोडू नगा. ह्यानं आमची जाळी फाडल्यात. पुलाखालच्या धरणावर पोरगा माझा रडकुंडीला आलाय ह्याच्या पायी."

आम्ही थबकलो. बादली पुन्हा ओसरीवर आली. त्या रात्री व पुढील काही दिवस आम्ही ह्या विषयाची चौकशी केली. जे कळले ते आमच्या वाचकांपुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे; कारण जी चूक आमच्या हातून घडता घडता राहिली, ती अनेक सुशिक्षित घरांतून दयेपोटीच घडत आहे.

बाजारात ज्याला 'सकर' म्हणतात, तो मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण पट्ट्यांचे चिलखत असते आणि परांना ताठ काटे असतात. तो दीड फुटापर्यंत वाढतो. पाण्यातील प्राणवायू कमी झाला तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, म्हणून जेथे आपले मासे गुदमरतात तेथेही तो तगून राहतो. तो काठाच्या मातीत खोल बिळे कोरतो, मादी त्यांत शेकडो अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. अशा बिळांमुळे बांध व काठ खचतात. जाळ्यात तो सापडला म्हणजे त्याचे काटे सुतात अडकतात आणि जाळे कापल्यावाचून सुटत नाहीत. त्याला बाजारात भाव नाही. तळाचे शेवाळ तो फस्त करतो, त्यामुळे आपल्या माशांच्या तोंडचा घास जातो.

भीमेवरील उजनी जलाशयाच्या मच्छीमारांनी ह्याच माशाविषयी गाऱ्हाणे मांडले आहे. आंध्र व तेलंगणातील कोळी त्याला राक्षसाचे नाव देतात. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. हैदराबाद येथील सी.सी.एम.बी. ह्या संशोधन संस्थेने तर नुसत्या पाण्याच्या नमुन्यावरून त्याचा माग काढण्याची रीत शोधली आहे. ह्या माशाने सातासमुद्रापार पोहत प्रवास केला नाही. तो कोणाच्या तरी दिवाणखान्यातील काचेच्या पेटीतून आला.

ह्या बाबतीत सकर एकटा नाही. दक्षिण अमेरिकेतील आरापैमा हा मासा सात फुटांहून अधिक वाढतो. उत्तर अमेरिकेतील मगरीसारख्या जबड्याचा गार मासाही त्याच मापाचा. ह्या दोहोंची वीतभर पिले हौशी लोकांनी आपल्याकडे पाळली. २०१८ च्या महापुरानंतर केरळातील चालकुडी नदीत आरापैमा आढळले. २०२३ साली भोपाळच्या तलावात गार सापडला. लाल शेपटीचा अमेझॉनचा शिंगाळा दुकानात बोटभर असतो आणि पुढे तीन फुटांच्या पलीकडे जातो. फार काय, ज्याला आपण गोंडस गोल भांड्यात ठेवतो, तो सोनमासाही कार्प कुळातला असून पुरेशी जागा मिळाल्यास फूटभर वाढतो आणि दहा-वीस वर्षे जगतो. त्याच्या नशिबी ते गोल भांडे म्हणजे तुरुंगच होय.

"मासा पेटीपुरताच वाढतो, चिंता नको," असे सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. मासा आयुष्याच्या बऱ्याच मोठ्या भागात वाढतच असतो. लहान पेटीत त्याच्याच मलमूत्रातून व कल्ल्यांतून निघणारा अमोनिया साठतो, पाणी विषारी होते, आणि ह्या त्रासाने त्याची वाढ खुंटते. कधी पाठीचा कणा वाकतो, रोग जडतो व तो अकाली मरतो. आपण ज्याला 'पेटीत बसला' असे म्हणतो, तो बहुधा पेटीत हळूहळू मरत असतो.

आता आमच्या गावाचा विचार करा. पहिला पाऊस कोसळला की चढणीचे मासे ओढ्यांतून उलटे वर येतात आणि पोरेटोरे टोपल्या घेऊन धावतात. ज्या वाटेने ते वर येतात, त्याच वाटेने तळ्यातला मासा खाली जातो. चर्चमागचे तळे भरले की सांडव्यावरून ओढ्यात, ओढ्यातून मलप्रभेत, आणि मलप्रभेतून कृष्णेत. आमची मरळ, वाम व शिंगटी ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या पाण्यात एका मुलाची दया आणि एका धर्मगुरूचा होकार मिळून केवढे संकट सोडणार होतो! आणि त्याचा भार कोणावर पडला असता? त्या वृद्ध भोयांच्या जाळ्यावर. त्यांनी फाटकाशी अडवले म्हणून तळे वाचले. आमच्या सेमिनरीतील शिक्षणाने ते वाचले नसते, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

प्रभू येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अपुरे राहते आणि लोक हसतात. जीव घरात आणतानाही हाच हिशेब हवा. हा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? किती वर्षे जगेल? त्याला किती पाणी लागेल, आणि आपण परगावी गेलो तर त्याचे कोण पाहील? दुकानात आज दिसतो त्या मापावर जाऊ नये. ह्या प्रश्नांना उत्तर नसेल तर मासा दुकानातच राहू द्यावा. हौसच असेल तर आजन्म लहान राहणारी जात निवडावी. मात्र तीदेखील ओढ्या-विहिरीत कधीही सोडू नये.

प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले. त्या घरात एका जीवावर दया करताना दुसऱ्या शेकडो जीवांच्या तोंडचा घास काढला जात नाही ना, हे पाहणे दयेचाच भाग आहे.

ज्यांच्या घरी असा मोठा झालेला मासा आहे, त्यांनी प्रथम दुकानदाराला परत घेण्याविषयी विचारावे. नाहीतर मोठी पेटी असलेल्या कोणा जाणत्याकडे द्यावा. काहीच उपाय नसेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला यातना न होता मरू द्यावे. हे लिहिताना हात जड होतो. तथापि नदीत सोडून देणे हा त्याहून सोपा दिसणारा, परंतु फार महाग पडणारा मार्ग आहे.

त्या मुलाच्या माशाचे काय झाले, हे आपण विचाराल. दुकानदाराने तो परत घेतला नाही. आमच्या जुन्या बोर्डिंगच्या मागे, उंचवट्यावर, सिमेंटचा एक वापरात नसलेला हौद आहे. त्याचे तोंड जाळीने झाकले आणि त्याची मोरी चुन्या-सिमेंटने बुजवली, जेणेकरून पावसातही पाणी ओढ्याला मिळू नये. मासा आता तेथे आहे. दर रविवारी मिस्सा झाल्यावर तो मुलगा अर्धे पाणी उपसून झाडांना घालतो व विहिरीचे ताजे पाणी भरतो. पहिल्या महिन्यात वडील मदतीला येत. आता तो एकटाच येतो. आम्ही त्याला सांगितले आहे की हा मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याने बोटांवर हिशेब केला, थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, "मग मी कॉलेजला गेल्यावर कोण करील?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही. पण तो प्रश्न बाराव्या वर्षी त्याला सुचला, ह्याचा आम्हांस फार संतोष आहे. मासा विकत घेताना तो आम्हा वडीलधाऱ्यांना सुचायला हवा होता.