दोनशे ग्रॅमचं कपाट



या आठवड्यात मी जरा पेचात सापडलोय. आमच्या घरात पुस्तकं ठेवायला जागाच उरलेली नाही. कपाट भरलं, पलंगाखालची ट्रंक भरली, परवा तर फ्रिजवरही एक गठ्ठा चढला. ते पाहून भाचा म्हणाला, "मामा, सरळ ई-रीडर घे ना!" आणि मित्राकडचा एक आठवडाभरासाठी मागूनही आणला.

वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि पोटात हजारो पुस्तकं मावतात! मला वाटलं, हा मोबाइलचाच भाऊ. पण तसं नाही, बरं का. याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत द्रव, आणि द्रवात काळे नि पांढरे कण. दोघांवर विरुद्ध विद्युतभार. त्यामुळे वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. काळे वर आले, की उमटलं अक्षर! एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही. म्हणून तर बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. भर उन्हातही अक्षर कागदावरच्यासारखं स्वच्छ दिसतं.

घेऊनच टाकावा असं मनात आलं, तेवढ्यात २००९ सालची एक गोष्ट आठवली. ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली होती. ज्यानं ती विकायला ठेवली, त्याच्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत मिळाले, कंपनीनं माफीही मागितली. पण अमेरिकेत मिशिगनमधला एक १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या अभ्यासासाठी '१९८४' वाचत होता, टिपणं काढत होता. पुस्तक गेलं आणि कुठलं टिपण कुठल्या ओळीवरचं, काही कळेना!

रद्दीच्या दुकानातून आणलेलं माझं पुस्तक असं कोणी परस्पर पुसू शकत नाही. हां, भाचा नेतो आणि परत आणत नाही! पण त्याच्या हातून ते वर्गभर फिरतं तरी. यंत्रातलं एखादं पुस्तक शेजारच्या मुलीला द्यायचं कसं? तिला अख्खं कपाटच द्यावं लागायचं.

मग घेऊ नये? मीही तसंच ठरवलं होतं. पण काल सहज ते यंत्र आईच्या हातात दिलं. बारीक टाइप दिसत नाही म्हणून दोन वर्षं झाली, तिनं वाचन सोडलंय. यंत्रात एक मराठी कादंबरी होती. अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. पानावर जेमतेम पंचवीस-तीस शब्द उरले. आईनं चष्मा पुसला आणि वाचायला लागली. जेवायला दोन हाका माराव्या लागल्या!

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून मिळतात. पण तिच्या आवडीची दहा नावं शोधली, तर चारच सापडली.

यंत्र रविवारी परत करायचंय. आज सकाळी आईनं विचारलं, "रविवार म्हणजे उद्याच का रे?"

मी पासबुक काढून बसलोय.