कातरीचा धडा

मुंबईत परळच्या भोईवाड्याकडून दक्षिणेस निघून लालबाग ओलांडले की भायखळ्याची राणीची बाग लागते. १८६२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. महानगरपालिकेचे उद्यान खाते तेथे झाडाफुलांचे वार्षिक प्रदर्शन भरवते आणि पानाफुलांनी घडविलेल्या आकृती पाहण्यास मोठी गर्दी लोटते. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यानाची ख्याती तर प्राण्यांच्या आकारात कातरलेल्या झुडपांमुळेच झाली.

ही शहरी हौस पाहण्यासाठी शेतकऱ्याने कामाचा दिवस का मोडावा, असा प्रश्न ग्रामसेवकास हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. नुसती शोभा पाहून परतावयाचे असेल, तर तो दिवस वायाच गेला म्हणावयाचा. परंतु झुडूप तसे का वाढले, हे जो विचारील, त्याच्या पदरात धडा पडल्यावाचून राहणार नाही.

कोयनेल किंवा दुरंता यांचा शेंडा खुडला म्हणजे पानांच्या बगलेतील डोळे फुटतात. एका फांदीच्या अनेक फांद्या होतात. वारंवार कातरल्याने झुडपाचा बाहेरचा भाग भिंतीसारखा दाट होतो. ही झाली कातरीची करामत. आता पाने बाजूस सारून आत डोकावावे. आत ऊन पोहोचत नाही. म्हणून तेथे पाने नाहीत, केवळ उघड्या काटक्या आढळतात.

नेमकी हीच अवस्था कोकणातील कित्येक जुन्या आमरायांची झाली आहे. झाडे उंच गेली, फांद्या एकमेकींत गुंतल्या, आतला भाग अंधारला. तेथे मोहोर येत नाही. उलट तुडतुड्यांना मात्र आसरा मिळतो. फवारणी शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, ती वेगळीच अडचण. शोभेच्या झुडपास बाहेरून दाटी हवी, फळझाडास आतून मोकळीक हवी. हत्यार एकच, हेतू उलटे.

१९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र दाखवून दिले आहे. तरी वडिलांनी लावलेल्या झाडास करवत लावण्यास हात धजत नाही. दोन-तीन वर्षांचे उत्पन्न बुडते, ही भीतीही खोटी नाही. म्हणून सगळी बाग एकदम न छाटता दरवर्षी थोडी झाडे घ्यावी, कापांना बोर्डो मलम लावावे आणि खोडकिड्यावर नजर ठेवावी.

ग्रामसेवकांनी सहली जरूर न्याव्या. मात्र शेतकऱ्यांची गाठ बागेतील माळ्याशी घालून द्यावी. केव्हा कातरता, किती कातरता, नंतर खतपाणी काय देता, हे त्याच्याच तोंडून ऐकवावे. गावी परतल्यावर त्याच आठवड्यात, तज्ज्ञांच्या सल्ल्याने, एका तरी झाडाची छाटणी सर्वांसमक्ष ठरवावी. असे झाले तरच सहलीचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.