जुन्या यंत्राचे आयुष्य कोणी ठरवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीचा नियमित आधार काढून घेतला. ज्यांना हव्या असतील त्यांना आणखी काही काळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवण्यात आली. परंतु कंपनीचा सांगावा स्पष्ट होता – ‘विंडोज ११’कडे वळा. ही नवी प्रणाली मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप मागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर नाकारते. याचा सरळ अर्थ असा की, २०१५-१६ साली मध्यमवर्गीय घरात हौसेने आणलेला, आजही कळ दाबताच सुरू होणारा संगणक एका तारखेपासून ‘जुना’ ठरला. त्या दिवशी त्याचा एकही सुटा भाग बिघडलेला नव्हता.

यंत्राचे आयुष्य त्याची झीज ठरविते की विक्रेत्याचे वेळापत्रक, असा हा प्रश्न आहे. तो केवळ संगणक अभियंत्यांचा नाही. शाळेच्या संगणक कक्षाचा, सहकारी पतपेढीच्या कार्यालयाचा, ग्रंथालयाचा आणि पगारातून पैसे बाजूला टाकून मुलांसाठी संगणक घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे.

या प्रश्नावर ‘लिनक्स टाका’ असे उत्तर हल्ली कोणीही जाणता तरुण देतो. ते बरोबर आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर प्रणालीच्या गाभ्यापर्यंत जावे लागते.

गाभा म्हणजे काय?

संगणक-प्रणालीच्या या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. सैन्यातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही. कवच फोडल्यावर हाती लागणारा बीमधला गर, असा त्या शब्दाचा अर्थ. यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये हा गाभा उभा असतो. स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यायचा, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, डिस्कवर काय लिहायचे, हे सारे तोच ठरवितो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी असा एक गाभा लिहिला. त्याची पहिली आवृत्ती दहा हजार ओळींच्या आसपास होती. आज लिनक्सच्या गाभ्याची मूळ संहिता सुमारे चार कोटी ओळींची आहे. त्यात जगातल्या असंख्य यंत्रांसाठी लिहिलेली चालके, म्हणजे ‘ड्रायव्हर’, आहेत.

तयार मिळणारे लिनक्स हे बाजारातल्या तयार अंगरख्यासारखे असते. कोणालाही यावा म्हणून ते ऐसपैस कापलेले असते. परंतु मूळ संहिता खुली असल्यामुळे तोच गाभा आपल्या यंत्राच्या मापाने शिवून घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. या माप घेण्यालाच ‘कर्नल कॉन्फिगर करणे’ म्हणतात.

ही कृती गूढ नाही. चिकाटीची मात्र आहे. आधी आपल्या यंत्रात काय काय आहे याची यादी करायची. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा जोडलेल्या कार्डांची आणि नियंत्रकांची नावे सांगते, तर ‘एलएसमॉड’ या क्षणी कोणती चालके कामात आहेत ते दाखविते. मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की प्रश्नांची एक भली मोठी यादी उघडते. संहितेत असे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. अनेक प्रश्नांना ‘होय’ व ‘नाही’ यांखेरीज ‘मॉड्यूल’ हेही उत्तर देता येते. म्हणजे तो भाग बाजूला ठेवायचा आणि लागेल तेव्हाच बोलवायचा. सारे प्रश्न हाताने सोडविण्याचा कंटाळा असेल तर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा सध्या वापरात असलेली मॉड्यूलेच ठेवून बाकीची गाळते. मात्र त्या वेळी छपाईयंत्र किंवा पेनड्राइव्ह जोडलेला नसेल तर त्याचे चालकही गळून जाते. म्हणून लागणारे सर्व साहित्य आधी एकदा जोडून घ्यायचे.

जुन्या यंत्राच्या बाबतीत काही ठिकाणी विशेष जपावे लागते. प्रोसेसरची पिढी आहे त्याहून नवी निवडली तर यंत्र सुरूच होत नाही. ज्या डिस्कवरून यंत्र सुरू व्हायचे तिच्या नियंत्रकाचे चालक आणि तिच्यावरील फाइल-पद्धती गाभ्यातच बसवाव्या लागतात, नाहीतर त्यांना आधी उचलून देणारी तात्पुरती व्यवस्था सोबत ठेवावी लागते. एरवी गाभा आपलीच डिस्क शोधत थबकतो. बत्तीस-बिट यंत्रात ‘हायमेम’ हा पर्याय बंद राहिला तर सर्वसाधारण मांडणीत गाभ्याला ८९६ मेगाबाइटच स्मृती दिसते; एक गिगाबाइट स्मृती असलेल्या संगणकाचे १२८ मेगाबाइट फुकट जातात. जुन्या यंत्रावर हे संकलन करायला कित्येक तास लागतात. त्यामुळे ते वेगवान संगणकावर करून तयार गाभा जुन्या यंत्रावर नेणे शहाणपणाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधीचा चालता गाभा कधीही पुसायचा नाही. नवा फसला तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडता आला पाहिजे.

फायदा किती?

या उद्योगाची भलामण करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. चार गिगाबाइट स्मृती असलेल्या, दहा वर्षांच्या संगणकाला स्वतंत्र गाभा शिवण्याची गरज नाही. त्यावर तयार लिनक्स उत्तम चालते. गाभा छाटून वाचते ती स्मृती काही मेगाबाइट, फार तर काही दशके मेगाबाइट. ज्या यंत्रात एकूण १२८ वा २५६ मेगाबाइटच आहेत तेथे ती मोलाची ठरते. आजची संकेतस्थळे दाखविणारा ब्राउझर मात्र गाभा छाटल्याने हलका होत नाही.

खरी गरज अन्यत्र आहे. कारखान्यातले एखादे कातकाम यंत्र, प्रयोगशाळेतले मापन-उपकरण, छापखान्यातले जुने साधन ही लाखो रुपयांची यंत्रे कित्येकदा एका जुन्या संगणकाच्या जुन्या पॅरलल पोर्टला बांधलेली असतात. यंत्र धडधाकट, पण संगणकाला नवी प्रणाली नाही, अशी ती कोंडी असते. भोसरी असो वा कोल्हापूरजवळची शिरोली, लहान उद्योजकाला हे वेगळे सांगायला नको. ‘लिनक्ससीएनसी’सारखी मुक्त प्रणाली अशा पोर्टवरून यंत्र चालवू शकते, पण त्यासाठी क्षणाचाही उशीर न करणारा, ‘रिअल-टाइम’ पद्धतीने बांधलेला गाभा लागतो. ही सोय वीस वर्षे मूळ गाभ्याबाहेरची स्वतंत्र जोडणी म्हणून वाढविली जात होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ती मुख्य संहितेत सामावली गेली. येथे गाभा स्वतः बांधता येणे हा छंद राहत नाही. तो धंद्याचा प्रश्न होतो.

अल्फा आणि ऑक्टेन

मुक्त संहिता असली म्हणजे जुन्या यंत्राला अमरपट्टा मिळाला, असे मात्र नाही. लिनक्सचा इतिहासच याची साक्ष देतो.

१९९०च्या दशकात अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे ‘अल्फा’ हे चौसष्ट-बिट वर्कस्टेशन म्हणजे सामर्थ्याची परिसीमा मानले जाई. त्या कंपनीतील जॉन हॉल यांनी १९९४ साली पुढाकार घेऊन टोरवाल्ड्स यांना एक अल्फा यंत्र मिळवून दिले. इंटेलच्या एकाच घराण्यासाठी लिहिलेला गाभा दुसऱ्या घराण्यावर चालविण्यासाठी त्याची रचना नव्याने घडवावी लागली. आज तोच गाभा हातातल्या अँड्रॉइड फोनपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र चालतो, त्याचा पाया त्या परिश्रमात आहे. पुढे ती कंपनी कॉम्पॅककडे आणि कॉम्पॅक एचपीकडे गेली; अल्फा संपला. आणि २०२४ सालच्या ६.१० या आवृत्तीत लिनक्सनेही सर्वांत जुन्या अल्फा प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. त्या प्रोसेसरांना स्मृतीतला एकच बाइट स्वतंत्रपणे लिहिता येत नसे आणि त्यांच्यापायी इतर सर्व यंत्रांची संहिता गुंतागुंतीची होत होती. ज्या पिढीने लिनक्सला दुसऱ्या घरी राहायला शिकविले, तीच पिढी तीस वर्षांनी घराबाहेर पडली.

ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार तर २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीतच गेला होता. इंटेलच्या इटॅनियमची पाठवणी थांबली २०२१ मध्ये. जानेवारी २०२४ च्या ६.७ या आवृत्तीतून त्याची संहिता गेली.

याच्या उलट एक उदाहरण आहे. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या वर्कस्टेशनांवर ‘ज्युरासिक पार्क’मधले डायनासोर चालते-बोलते झाले होते. याच कंपनीने १९९७ मध्ये ‘ऑक्टेन’ हे यंत्र आणले. त्या घराण्याच्या यंत्रांचे उत्पादन २००६ च्या अखेरीस थांबले आणि २००९ मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. पण ऑक्टेनची आस्था असलेले मोजके जाणकार थांबले नाहीत. जानेवारी २०२० च्या ५.५ या आवृत्तीत ऑक्टेनचा आधार लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल झाला. यंत्र तेवीस वर्षांचे, त्याचा निर्माता संपलेला, आणि तरीही त्याला नवा गाभा मिळाला!

हा फरक कशाने पडला? संहिता दोन्हीकडे खुली होती आणि परवाना एकच होता. अल्फाच्या जुन्या पिढीचा भार पुढे वाहण्यात कोणाला स्वारस्य उरले नव्हते; ऑक्टेनला मात्र तो भार उचलणारी माणसे मिळाली. मुक्त संहितेने मिळतो तो केवळ अधिकार. तो बजावणारा माणूस नसेल तर तो कागदावरच राहतो.

आपली बाजू

याचे ताजे उदाहरण ऑगस्ट २०२५ मधले आहे. लिनक्सच्या वितरणांमध्ये जुने आणि प्रतिष्ठित असलेल्या ‘डेबियन’ने आपल्या तेराव्या आवृत्तीत बत्तीस-बिट संगणकांसाठी तयार गाभा आणि प्रतिष्ठापनेची सोय देणे बंद केले. मूळ गाभ्याच्या संहितेतून मात्र बत्तीस-बिट यंत्रांची साथ डेबियनने काढलेली नाही. ते तिच्या हातीही नाही. म्हणजे तयार अंगरखा मिळेनासा झाला, पण कापड आणि कात्री जागच्या जागी आहेत. प्रश्न आहे तो शिंप्याचा.

आपल्याकडे असे शिंपी किती आहेत? संगणक-सेवा क्षेत्रात भारताने मिळविलेल्या यशाचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो रास्तच आहे. ‘सी-डॅक’ने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सामावणारी लिनक्स-आधारित प्रणाली आणली. केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाद्वारे आपल्या शाळांत मुक्त प्रणाली रुजवली आणि टिकवली, याचे श्रेय त्या राज्याला दिलेच पाहिजे. पण शिक्षकांना प्रशिक्षण आणि शाळेला पाठबळ मिळाल्याविना नुसती प्रणालीची तबकडी वाटून हे घडत नाही, हाही त्याच अनुभवाचा धडा आहे. आपल्याकडील किती संगणक अभियंत्यांनी पदवी घेण्यापूर्वी एकदा तरी स्वतःच्या हाताने गाभा बांधून यंत्र सुरू केले असेल? परीक्षेत ‘कर्नलची कार्ये’ लिहून गुण मिळविणे वेगळे आणि न सुरू होणाऱ्या यंत्रासमोर बसून चुकलेला पर्याय शोधणे वेगळे.

आक्षेपही ऐकून घेतले पाहिजेत. जुने यंत्र वीज जास्त खाते, हा आक्षेप खरा आहे. पेंटियम-४ घराण्यातले काही प्रोसेसर एकटेच शंभर वॉटच्या घरात वीज घेत. दिवसभर चालवायचे असेल तर असे यंत्र निवृत्त करणेच बरे. सुरक्षिततेचा आक्षेपही गंभीर आहे. स्वतः बांधलेल्या गाभ्याला नव्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. त्या घेऊन तो पुन्हा बांधण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते. ती निभावणारा कोणी नसेल तर असा संगणक महाजालाला जोडू नये. तेव्हा प्रत्येक जुने यंत्र वाचविलेच पाहिजे, असा हट्ट नाही. निर्णय माहितीच्या आधारे आपण घ्यावा, जाहिरातीच्या आधारे तो आपल्यासाठी दुसऱ्याने घेऊ नये, एवढाच आग्रह आहे.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि तंत्रनिकेतनाने एक-दोन जुनी यंत्रे राखून ठेवावीत आणि त्यांच्यासाठी गाभा बांधणे हा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मान्य करावा. त्या विद्यार्थ्यांनी परिसरातील एखादी शाळा वा कार्यशाळा वर्षभर सांभाळावी. शाळांना जुने संगणक दान देणाऱ्या संस्थांनी नुसती यंत्रे पोहोचवून छायाचित्र काढण्यापेक्षा ती चालू ठेवणारा माणूसही द्यावा. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही नोंदणीच्या चौकटीत स्थान दिले आहे. त्या चौकटीत तरुणांसाठी उद्योगाची संधी आहे. आणि घरातला संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी कुटुंबाने निदान एकदा पेनड्राइव्हवरून एखादे लिनक्स चालवून पाहावे. त्यासाठी डिस्कवरचे काहीही पुसावे लागत नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या घरात शिवणयंत्र दोन पिढ्या चालले, कारण त्याला तेल कोठे घालायचे हे घरातल्या कोणाला तरी ठाऊक होते. संगणकाच्या बाबतीत ती माहिती मिळविण्याचा मार्ग आज कोणीही बंद केलेला नाही. संहिता खुली आहे, साधने विनामूल्य आहेत. उणीव आहे ती बसून शिकणाऱ्यांची आणि शिकलेले दुसऱ्याला देणाऱ्यांची. ती भरून काढण्याचे काम कोणत्याही कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही.