आबालाल यांचा तलाव कोण राखणार?

कोल्हापूर स्वतःला कलापूर म्हणवते, त्यात चित्रकार आबालाल रहिमान यांचा वाटा मोठा आहे. अक्षरलेखनाची परंपरा असलेल्या घरातले आबालाल मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. एवढे नाव झाल्यावर मुंबईतच बस्तान बसवायचे, तर ते गावी परतले.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. दरबारासाठी त्यांनी शिकारीची चित्रे काढली, पण जीव रमला तो कोटितीर्थ व रंकाळा या तलावांच्या आणि पंचगंगेच्या काठावर. १९२२ मध्ये महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात आजही सांगतात. १९३१ मध्ये ते स्वतः गेले.

त्यांची निसर्गचित्रे आज टाउन हॉलच्या संग्रहालयात पाहता येतात. त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर पुढे पिढ्या चालल्या. चित्रकार बाबा गजबरांकडे शिकलेले अभिनेते चंद्रकांत मांडरे आयुष्यभर निसर्गचित्रे काढत राहिले आणि १९८४ मध्ये राजारामपुरीतले ‘निसर्ग’ हे राहते घर त्यांनी चित्रांसकट सरकारला देऊन टाकले.

चित्रे अशी जपली. चित्रांचा विषय मात्र वाऱ्यावर सोडला.

जलरंगात पाण्याची चकाकी रंगवायची नसते. तेवढा कागद कोरा ठेवायचा असतो. जलपर्णीने झाकलेल्या तलावासमोर बसलेल्या विद्यार्थ्याने कोरे काय ठेवायचे? रंकाळ्यात वर्षानुवर्षे सांडपाणी मिसळत आले. शाहू मिलशेजारच्या कोटितीर्थाचे हालही वेगळे नाहीत. ओरड झाली की जलपर्णी काढतात, फोटो छापून येतात आणि ती पुन्हा माजते. कारण तिला पोसणारे सांडपाणी थांबलेले नसते.

उपाय अवघड नाही, फक्त दिखाऊ नाही. कारंजी, रोषणाई आणि सेल्फी पॉइंट यांच्याआधी नाल्यांची तोंडे बंद करावीत आणि ते पाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवावे. दोन्ही तलावांच्या काठी आबालाल यांच्या चित्रांच्या मोठ्या, टिकाऊ प्रतिकृती लावाव्यात. कलाशाळांचे वर्ग तिथे नेमाने भरावेत. चित्रातला तलाव आणि समोरचा तलाव लोकांना शेजारीशेजारी दिसू लागला, की महापालिकेच्या प्रत्येक अंदाजपत्रकात या कामाचा हिशेब मागणेही सोपे जाईल.