दुखणे अंगावर काढू नका

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ वर्षांचे होते. जयंतीदिनी आम्ही त्यांच्या ज्ञानसाधनेचे स्मरण करतो. परंतु ज्या आजाराने त्यांचा देह पोखरला, त्याचा विचार आम्ही आपल्या घरात करतो काय? अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यावर आम्हास हा प्रश्न टाळता येत नाही.

आज आम्ही ज्या जपानमध्ये राहतो, तेथील खेडुतांचीही एके काळी हीच गत होती. १९४५ साली डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी नागानो प्रांतातील साकु येथील रुग्णालयात आले. आजार हाताबाहेर गेल्यावरच शेतकरी रुग्णालयाची पायरी चढतो, हे त्यांनी पाहिले. काहींना आजाराची जाणीवच नसे. काहींना असे, पण पैशाअभावी ते सोसत राहत. आमच्या आया यालाच 'अंगावर काढणे' म्हणतात. तेव्हा डॉक्टरच गावोगाव गेले. तपासणीच्या जोडीला त्यांनी नाटके केली. आंबेडकरी जलशांनी जागा झालेल्या समाजास या मार्गाचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको! १९५९ पासून याचिहो या गावी सर्व गावकऱ्यांची दरवर्षी तपासणी सुरू झाली. १९८२ च्या वृद्ध आरोग्य कायद्याने चाळिशीपुढील नागरिकांची तपासणी देशभर नेली, तेव्हा याचिहोचा आदर्श समोर होता.

२००८ पासून ४० ते ७४ वयाच्या विमाधारकांना व त्यांच्या कुटुंबीयांना ही तपासणी उपलब्ध करून देणे विमासंस्थांवर बंधनकारक आहे. नोकरदाराची तपासणी कंपनी करविते. त्याच्या पत्नीस मात्र टपालाने पत्र येते. वेळ तिनेच ठरवावयाची असते. जपानी अक्षरांचे ते पाकीट खणात तसेच पडून राहते. शिवाय कंबरेच्या घेराची जपानी मर्यादा स्त्रियांसाठी ९० सेंटिमीटर आहे. भारतीय स्त्रीसाठी ती ८० मानली जाते. म्हणून जपानी मापात बसल्याने निर्धास्त होऊ नये. साखरेचे व रक्तदाबाचे आकडेही पाहावेत.

आमचे वृद्ध मातापिता तर बहुधा महाराष्ट्रातच आहेत. तेथील शासकीय आरोग्य केंद्रांत तिशीपुढील व्यक्तींच्या रक्तदाब व मधुमेह तपासणीची योजना आहे. दूरध्वनीवर आम्ही "जेवलात का?" असे विचारतो, "रक्तदाब केव्हा मोजला?" हेही विचारावे.

आमची सूचना साधी आहे. पुढील जयंतीस सभागृहात एक मेज मांडावे. ज्यांना जपानी वाचता येते त्यांनी इतरांची पाकिटे व अहवाल वाचून द्यावेत, तपासणीची वेळ ठरवून द्यावी. दोष आढळलेल्यास उपचारापर्यंत पोहोचवावे. कारण उपचाराविना तपासणी म्हणजे नुसता कागद होय. बाबासाहेबांनी आपल्या देहाची पर्वा केली नाही, ती आम्हांसाठी. आम्ही आपल्या देहाची हेळसांड करावी, असा त्याचा अर्थ खचितच नव्हे.

जयभीम!